कानामागचा मणी

“कुठे दुखतंय?” डॉक्टरांनी विचारलं.

“मी ठणठणीत आहे,” कुमुदिनी म्हणाली. पोटात सुऱ्या फिरत होत्या, पण कानामागे कातडीत बसवलेला यंत्राचा मणी रडगाणं ओठांवर येऊच देत नव्हता. त्याच्या जागी गोड वाक्य बोलायला लावायचा. ‘मला नाही जमायचं’ हे तिचं पालुपद सुटावं म्हणून तिच्या नवऱ्यानेच, दिगंबरने, तो हौसेने बसवला होता. घरात अशुभ बोलू नये, वास्तुपुरुष तथास्तु म्हणतो, असं मानणाऱ्यांचं घर ते.

डॉक्टरांनी हसून दोघांना घरी पाठवलं.

घराच्या दारात दिगंबरने तिचा गार पडलेला हात धरला. “खरं सांग, कुमुद. मणी काढू या का?”

‘काढा हो, आता सोसवत नाही,’ ती आतल्या आत किंचाळली.

“कशाला? मी किती सुखात आहे!” ओठ म्हणाले.

त्याचा जीव भांड्यात पडला.

“तथास्तु,” तो लाडाने म्हणाला.