शंभरपैकी शंभर

"शंभरपैकी शंभर. स्मरणशक्ती उत्तम," यंत्राने झिमाबाईंच्या चाचणीचा निकाल सांगितला.

त्यांची लेक मंगली उसळलीच. "उत्तम कसली, डॉक्टर? काल आई चुलीपुढे बसून चूल शोधत होती. औषध सुरू करा."

"यंत्राने आजार दाखवल्याशिवाय औषध मिळत नाही हो," डॉक्टर ओशाळून म्हणाले. "परक्या भाषेतली चाचणी लादायला नको, म्हणून यंत्र त्या-त्या बोलीच्या माणसांकडूनच शिकतं. जो शब्द कुणीच बोलत नाही, तो चाचणीतून आपोआप गळतो. होळीनंतर तुमचे मामा गेले. आता ही बोली बोलणाऱ्या तुमच्या आई एकट्याच."

म्हणजे आई जे विसरेल, ते यंत्रही विसरणार. आश्रमशाळेत मराठी शिकता शिकता घरची बोली मंगलीच्या तोंडून गेली ती गेलीच.

"मागच्या खेपेला माझ्याकडे बोट दाखवून 'ही कोण' विचारलं होतं. तेवढं तरी विचारा."

"'लेक' हा शब्दच आता चाचणीत नाही," डॉक्टर म्हणाले.

आई उठली. वाटेत उभ्या असलेल्या मंगलीला तिने परक्या बाईला करावा तसा हात जोडून जोहार केला. यंत्रावरचा हिरवा दिवा तसाच जळत होता.