समिंदराच्या वाटेवरचे मुक्काम

कामथडीला महाड म्हणायचं, वरव्याला श्रीवर्धन, आणि भाटघरच्या धरणाला समुद्र. सर्जेरावानं एवढं पक्कं केलं आणि चुलीपुढं बसलेल्या बायकोकडं पाहिलं.

"आन् आत्याबाईंनी वळखलं तर?" रतननं आवाज दाबून विचारलं.

"कशावरनं वळखंल? डोळं तर कवाच गेल्यात."

बाहेर ओसरीवर त्याची आई साळूबाई चाचपून चाचपून गाठोडं बांधत होती. मोतीबिंदूनं तिचे दोन्ही डोळे खाल्ले होते. नवरा मुंबईच्या गोदीत हमाल होता. सुट्टीला आला की सांगायचा, समिंदराला पल्याडचा काठच न्हाई, एकदा तुला दावतो. दावायच्या आधीच तो गेला. तेव्हापासून म्हातारीचं एकच टुमणं. "डोळं गेलं म्हून काय झालं? पाय हाईत की. मरायच्या आदी एकदा त्या पाण्यात ठिवीन."

मागल्या साली ती भोरला थोरल्या रखमाजीकडं होती. वाटणी झाल्यापासून भावाभावांत बोलणं नव्हतं. वर्ष भरलं तसं त्यानं आईला वेल्ह्याला धाकट्याच्या दारात आणून सोडलं आणि चहासुद्धा न घेता परत गेला. म्हातारी एका घरचं दुसऱ्या घरी काढणारी नव्हती. पण समुद्राचं टुमणं तिनं आल्या दिवशीच सुरू केलं. त्यावरून काय समजायचं ते सर्जेराव समजला. चावडीवर चार माणसांत छाती काढून बोलला, "थोरल्यानं केलं न्हाई ते म्या करून दावतो. आईला समिंदर दावतो."

बोलायला काय जातंय! तो नसरापूरच्या एका लाकूडवाल्याची जीप चालवायचा. दिवाळी झाल्यावर मालकानं चार दिवस गाडी दिली खरी, पण बजावलं, वरंधा घाट उतरून कोकणात जायचं नाही. यष्टीनं जाता आलं असतं. पण आंधळ्या म्हातारीला धरून धरून कोण चढवणार आणि कोण उतरवणार? याला तेवढीही तोशीस नको होती. आणि शब्द तर गावभर झालेला. मग हे असले मुक्काम ठरले.

ठरवणंही सोपं नव्हतं. जिथली माणसं तोंड मिटून बसतील अशीच घरं हवी होती.

पहिला मुक्काम आंबवड्याला, एका ओळखीच्याकडं. तिथं खोटं बोलायची गरजच नव्हती, गाव घाटाच्याच वाटेवर. दुसऱ्या दिवशी सर्जेरावानं पुढची वळणं दोनदा घेतली, एकदा जाताना आणि एकदा येताना.

"आत्याबाई, दरी बगा किती खोल हाय," रतन म्हणाली आणि तिनं जीभ चावली.

"बगितली," साळूबाई शांतपणे म्हणाली.

भोरातून जाताना त्यानं जीप थांबवली नाही. संध्याकाळी कामथडीला रतनच्या मावसभावाच्या ओट्यावर पथाऱ्या पडल्या. सातारा रस्त्यावर ट्रक धावत होते. "ह्यो गोव्याचा रस्ता, आये," सर्जेरावानं सांगितलं. मावसभावाला ताकीद होती की एक शब्द काढायचा नाही, बोलण्यावरून देश कळतो. बिचारा मुकाट्यानं भाकरी वाढत राहिला.

"कोकनातली मान्सं मुकी अस्त्यात का रं?" म्हातारीनं विचारलं.

"लाजाळू अस्त्यात."

वरव्याला त्यानं कहर केला. बाजारातनं सुके बोंबील आणले आणि अंगणात तासभर भाजत ठेवले. धूर म्हातारीच्या बाजूला जाईल असं बघितलं.

"वास आला बग," ती म्हणाली.

"समिंदर जवळ आला, आये. उद्याच्याला पाण्यात उभी ऱ्हाशील."

तिनं नुसती मान हलवली. रतनला ते बघवलं नाही, ती उठून आत गेली. सर्जेराव मात्र खूश होता. आपल्यासारखं डोकं भावकीत कुणाला नाही, असं त्याला वाटत होतं.

भाटघरला वारा सुटला होता. धरण काठोकाठ भरलेलं, लाटा दगडांवर आपटत होत्या. सर्जेरावानं आईला हाताला धरून उतरवलं. पाणी तिच्या पावलांवरून गेलं. ती लुगडं वर खोचून तशीच उभी राहिली, कितीतरी वेळ.

सर्जेरावानं तिच्या त्या वाळक्या नडग्या बघितल्या. घाट काही एवढा लांब नव्हता. सांगून टाकावं, असं एकदा त्याच्या ओठावर आलं.

"सर्जा," ती म्हणाली, "पल्याडचा काठ दिसतो का रं?"

त्यानं समोर पाहिलं. पलीकडच्या काठावर एक बाई धुणं आपटत होती. बाजूला दोन म्हशी पाण्यात बसल्या होत्या.

"न्हाई आये. नुसतं पानीच पानी."

"चव घिऊ का?"

याची त्याला खात्रीच होती. रतननं बाजूला जाऊन लोटा भरून, त्यात मूठभर मीठ ढवळून तयार ठेवला होता. त्यानं तो आईच्या ओंजळीवर धरला. तिनं घोट घेतला, तोंडात घोळवला आणि गिळला.

"खारट हाय," ती म्हणाली.

सर्जेरावाचा जीव भांड्यात पडला. "मग? झालं का न्हाई मनासारखं?"

साळूबाईनं पदरानं तोंड पुसलं आणि चेहरा त्याच्याकडं वळवला.

"काठ न्हाई, नुसतं पानीच पानी, आसंच रखमाजीबी म्हनला व्हता रं, गेल्या साली मला हितं आनली तवा. मिठाचं तेवढं त्येला सुचलं न्हवतं."