मागचे टायर

टायर घासला, तसा चुडामणचा चेहरा खुलला.

नासीर मेस्त्री स्वतः मागच्या सीटवर बसून बघत होता. चुडामणने जुनी फियाट गॅरेजच्या दारातून हायवेपर्यंत नेली आणि परत आणली. प्रत्येक खड्ड्याला मागून खर्र असा आवाज आला. नवे टायर आधीच्यापेक्षा चांगले तीन बोटं रुंद होते. मागे माणूस बसला की स्प्रिंगचे पाटे दबायचे, गाडी खाली यायची आणि टायर मडगार्डच्या कडेला लागायचा.

नासीर ओशाळून खाली उतरला. धुळ्यात त्याच्या हाताला नाव होतं. असं काम त्याच्या गॅरेजमधून कधी बाहेर गेलं नव्हतं. मडगार्डची कड आतून ठोकून देतो, अर्ध्या तासाचं काम आहे, असं तो म्हणाला. नाहीतर पाट्यांत एक पाटा वाढवू, मग मागे तिघं बसले तरी घासणार नाही.

चुडामणने दोन्हीला नको म्हटलं.

"नाना, मग मागे कोणाला बसवता येणार नाही," नासीर म्हणाला.

"बरं व्हयनं," चुडामण म्हणाला.

पासष्टीच्या माणसाला पोरांसारखे जाड टायर लावावेसे वाटले, इथपर्यंत ठीक होतं. हौसेला मोल नसतं. पण हौस करायची आणि ती बिघडलेलीच घरी न्यायची, हे काही नासीरच्या टाळक्यात शिरेना.

चुडामणचं गणित वेगळं होतं. धुळ्याच्या एका जिनिंगवाल्या शेठकडे त्याने हीच फियाट तीस वर्षं चालवली होती. शेठाणीचं माहेर शिरपूरचं. त्यामुळे आठवड्याला एक फेरी ठरलेली. शेठाणी मागे आणि हा पुढे. शेठ गेले, मुलांनी मोठी गाडी घेतली आणि ही जुनी चुडामणच्या नावावर करून दिली. शिरपूरच्या वाटेवरच्या सोनगीरला, घरासमोर त्याने नारळ फोडला, शेजारची सीट दोनदा पुसली आणि बायकोला हाक मारली. भिकुबाई आली, पदर सावरला आणि सरळ मागे जाऊन बसली.

पुढे ये म्हटलं तर म्हणे, लाज वाटते, लोक बघतात. सहा महिने हेच चाललं होतं. पारावरच्या मंडळींना आयतंच सापडलं. मालक बदलला, ड्रायव्हर तोच, असं ते म्हणायचे. चुडामण हसण्यावारी न्यायचा, पण त्याला ते फार झोंबायचं. स्वतःच्या गाडीत बायकोने एकदा तरी शेजारी बसावं, एवढंच त्याचं मागणं होतं. आता बायकोशी वाद घालून तो आजवर कधी जिंकला नव्हता. मग कोणाच्या तरी गाडीचे रुंद टायर घासतात आणि मागे माणूस बसवता येत नाही, असं त्याच्या कानावर आलं. म्हटलं, आपण बोलण्यापेक्षा टायरलाच बोलू द्यावं.

बाजार उरकून भिकुबाई पिशवी घेऊन गॅरेजवर आली. चुडामणने जमेल तेवढा चेहरा पाडला आणि तिला सांगितलं, मागे बसलं की टायर घासतो, आता पुढेच बसावं लागेल. किती दिवस, असं तिने विचारलं. कायमचंच, असं तो म्हणाला. मनातल्या मनात तो मांडे खात होता.

पण नासीरला आपल्या कामाला लागलेला बट्टा सहन होईना.

"अक्का, अर्ध्या तासात नीट करून देतो म्हटलं," तो म्हणाला. "नानाच नको म्हणतात."

पितळ उघडं पडलं. चुडामण खाली बघायला लागला. भिकुबाई रागावली नाही. तिने पुढच्या दाराच्या हँडलवर हात ठेवला, पण दार उघडलं नाही.

"लाज कसानी? मी खोटं सांगं," ती म्हणाली. "शेठानी मांगे बठे आनी तुम्ही तिले शिरपूरले लई जायेत, तवय मी सोनगीरले रस्ताना कडेले वावरमा निंदू. गाडी दिसनी का उभी ऱ्हाऊ. तुम्हनी नजर समोर. तीस वरीस माले वाटे, एक डाव मी भी तठेच बठसू, आनी गाडी तुम्हीच चालाडशात."

ती तिथे उभी असायची, हे चुडामणला आज कळत होतं. शेठाणी मागे असताना इकडेतिकडे बघायचं नाही ही त्याची शिस्त होती आणि त्या शिस्तीचा त्याला मोठा अभिमान होता. आज त्या अभिमानाची त्याला लाज वाटली.

नासीरने हातोडा उचलला आणि कड ठोकू का असं विचारलं. चुडामणने मान हलवून नको म्हटलं. ती तीस वर्षं थांबली होती, आता आणखी अर्धा तास तिला थांबवणं त्याच्या जिवावर आलं. त्याने तिच्या हातातली पिशवी घेऊन पुढच्या सीटवर ठेवली. मग त्याने मागचं दार उघडून धरलं आणि तो थोडा वाकला. जन्मभर तिला अगं-तुगं करणारा चुडामण म्हणाला,

"बठा, बाईसाहेब. टायर घासाई तं घासाऊ द्या."