इंदूरचं समन्स

इंदूरच्या कोर्टाचं समन्स घेऊन बेलीफ कुरणे कागलातल्या एका घराच्या दारात उभे राहिले. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत दारोदार शिव्याच मिळाल्या होत्या, तेव्हा त्यांनी आधी कुत्रं कुठं बांधलंय ते पाहिलं.

"विलास भोपळे इथंच राहतात?"

ओट्यावर धान्य पाखडणाऱ्या म्हातारीच्या हातातलं सूप थांबलं. "माझा ल्योक त्यो. अकरा वर्षं झाली घर सोडून. लोकं म्हणत्यात, आता न्हाई राहिला."

"असं कसं, आजी? गेल्या वर्षी एका अपघाताचा साक्षीदार म्हणून त्यानं तिकडं जबाब दिलाय. कायमचा पत्ता हाच लिहून दिलाय, या घराचा."

"ह्याच घराचा?" तिनं तीनदा विचारलं. मग कागद उलटा धरून त्यावरून हात फिरवला. "माणूस न्हाई गावला की दारावर डकिवता न्हवं? डकवा. समद्या गल्लीला दिसू दे." भाताची खळही तिनंच आणून दिली.

ओट्यावर बसून कुरण्यांनी इंदूरला परत पाठवायचा अहवाल लिहिला: 'साक्षीदार पत्त्यावर मिळून आला नाही.' सहीपाशी पेन थोडं अडखळलं. मग कुठल्याच नियमात न बसणारी एक ओळ त्यांनी खाली जोडली: 'साक्षीदाराची आई मिळून आली. वाट पाहत आहे. त्याला कृपया कळवावे.'