खोडलेला ‘बहुधा’

“नळी बदलली असेल,” नाहेद म्हणाली.

“नळी तीच आहे, बाई. चिकटपट्टीवरचं अक्षर तुमचंच आहे,” तंत्रज्ञ शुक्री म्हणाला आणि तिला पडदा दिसावा म्हणून बाजूला सरकला.

इजिप्तमधल्या मन्सूरा शहराच्या प्रयोगशाळेत जंतूंची जनुकीय अक्षरं एकेक करून वाचणारं यंत्र नुकतंच आलं होतं. हात बसावा म्हणून शुक्रीने शीतपेटीतले जुने नमुने काढले होते. त्यांत अकरा वर्षांपूर्वी साथीच्या तपासात नाहेदने स्वतः एका खेड्यातून गोळा केलेले नमुने होते. तिथे बाळाच्या सातव्या दिवसाचं जेवण झालं आणि तेवीस माणसं आजारी पडली. बाळाचा चार वर्षांचा भाऊ यासीन तिसऱ्या दिवशी गेला.

जेवणासाठी तीस कोंबड्या गावातल्याच उम्म वहीदकडून आणल्या होत्या. तिच्या खुराड्यात साल्मोनेला हा विषबाधेचा जंतू सापडला, आजाऱ्यांच्या पोटातही सापडला, जातही एकच निघाली. त्या काळी याच्या पुढचं काही दिसत नव्हतं. नाहेदने अहवालात लिहिलं, ‘बहुधा उम्म वहीदच्या कोंबड्यांमधून.’ साहेब वैतागले. “बहुधा म्हणजे काय? लोक दारात उभे आहेत. एक नाव द्या.” नाहेदने ‘बहुधा’ खोडला. उम्म वहीदच्या दोनशे कोंबड्या चुन्याच्या खड्ड्यात गेल्या.

आता यंत्र सांगत होतं की उम्म वहीदच्या कोंबड्यांचा जंतू आणि आजाऱ्यांचा जंतू यांत शेकडो अक्षरांचा फरक आहे. आजाऱ्यांशी जुळत होती ती वेगळीच नळी, जेमतेम दोन अक्षरं इकडची तिकडे. ती यासीनच्याच घराच्या गच्चीवरची. त्याची आई सनिय्या तिथे सहा-सात कोंबड्या पाळायची. शोकातल्या घरात जास्त विचारायला तेव्हा नाहेदची जीभ रेटली नव्हती. नमुना घेतला, पेटीत ठेवला, विसरली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती गावात गेली. उम्म वहीद उंबऱ्यावर बसून मुलुखियाच्या भाजीची पानं निवडत होती.

“या, डॉक्टरीणबाई. ओळखलं मी. तेव्हा केस काळे होते तुमचे.”

“खाला, मला तुम्हाला एक सांगायचंय...”

“आधी बसा. चहा घ्या. मागच्या खेपेला उभ्या उभ्या सांगून गेलात.”

नाहेद बसली. तिने सगळं सांगून टाकलं. जंतू, अक्षरं, खोडलेला शब्द, साहेब. साहेबाचं नाव घेताना तिची तिलाच लाज वाटली. पेन तर तिच्याच हातात होतं.

उम्म वहीदची बोटं पानांवर थांबली.

“म्हणजे माझ्या नव्हत्या.”

“नव्हत्या, खाला.”

म्हातारीने डोक्यावरच्या रुमालाचं टोक डोळ्यांना लावलं. मग म्हणाली, “माझ्या पोराचं, वहीदचं ठरलेलं लग्न मोडलं त्यापायी. ठाऊक आहे?”

“नाही.”

“कसं असणार? तुम्ही फिरकलात कुठे पुन्हा. अंडं घेत नव्हतं कुणी माझ्याकडून. सनिय्या तर दोन वर्षं माझ्या दारावर थुंकून जायची. मग एका ईदला स्वतःच आली, गळ्यात पडून रडली. तेव्हापासून रोजचं येणंजाणं आहे.” तिने मान वर केली. “मग कोणाच्या होत्या?”

नाहेदने खाली पाहिलं. सांगावं की नाही, हेच तिला रस्ताभर ठरवता आलं नव्हतं. पण म्हातारी तिच्या तोंडाकडे बघत राहिली आणि बघता बघता तिचा चेहरा उतरला.

“त्या दिवशी सनिय्याने घरच्या दोन कापल्या होत्या,” ती हळूच म्हणाली. “सात दिवसांची बाळंतीण, पण ऐकेना. यासीनला माझ्याच हातचं सूप लागतं, म्हणाली. मग त्याच पाटावर सगळ्यांची कोशिंबीर चिरली. मी तिथेच होते.”

“खाला, मी नवा अहवाल लिहून आणलाय. सगळ्या गावासमोर वाचून दाखवते. माझी चूक होती म्हणून सांगते.”

एवढ्यात दार ढकलून सनिय्या आत आली. डोक्यावर टोपली, टोपलीत भट्टीतल्या गरम रोट्या. नाहेदला पाहून ती जागीच थबकली.

“ही बाई पुन्हा कशाला आली?”

“नवं यंत्र आलंय म्हणे यांच्याकडे,” उम्म वहीद म्हणाली. “जुनं सगळं परत तपासलं.”

“मग?”

नाहेदने तोंड उघडलं. उम्म वहीदचा खरखरीत हात तिच्या गुडघ्यावर पडला आणि तिथेच दाबून राहिला.

“माझ्याच होत्या,” उम्म वहीद म्हणाली.

सनिय्याने नाहेदकडे पाहिलं. “खरं?”

नाहेदच्या मांडीवर अहवालाचं पाकीट होतं. तिने ते उलटं केलं.

“हो,” ती म्हणाली.

सनिय्याने टोपली खाली ठेवली. म्हातारीला खेटून बसली आणि आपल्या बाहीने तिचे डोळे पुसले.

“वेडी कुठली! आता कशाला रडतेस? मी केव्हाच माफ केलंय ना तुला.”

उम्म वहीदने अपराध्यासारखी मान खाली घातली. “तुझे उपकार आहेत, पोरी,” ती म्हणाली.