दहापैकी दोन

"दहापैकी किती दुखतंय?" डॉक्टर हॅन्सनबाईंनी विचारलं.

"दोन," मालिनीबाई म्हणाल्या, आणि वर छान हसल्याही.

अवधूतने आईचा आकडा इमानेइतबारे इंग्रजीत सांगितला. डॉक्टरीणबाईंनी फाइल चाळली. गेल्या खेपेला दोन, त्याआधी दोन, पहिल्या दिवशीही दोनच.

नागीण होऊन गेल्याला चौदा महिने झाले होते. फोड वाळले, डाग उरले, पण डाव्या बरगडीखालची आग काही विझेना. तीन तऱ्हेच्या गोळ्या घेऊन झाल्या. एकीने चक्कर येऊन मालिनीबाई बाथरूममध्ये पडल्या, दुसरीने दिवसभर पेंगायच्या, तिसरीने अन्नावरची वासनाच उडाली. आत्तासुद्धा त्या खुर्चीच्या टोकावर बसल्या होत्या आणि अंगातला अवधूतचा ढगळ टीशर्ट चिमटीने कातडीपासून लांब धरून ठेवला होता. ब्लाउज सोसत नव्हता, म्हणून साडी सुटली होती. जन्मभर नऊ वारांखेरीज काही न नेसलेली बाई!

दुखण्यावर उतारा म्हणून गांजाचा विषय काढला होता सुनेने, नेत्राने. कुठल्याशा लेखात वाचून ती हट्टालाच पेटली होती. डॉक्टरीणबाई बिचकल्या नाहीत. त्यांनी सरळ सांगितलं, "वॉशिंग्टन राज्यात चालतं. केंद्र सरकारच्या लेखी मात्र गुन्हाच आहे. मी औषधाची चिठ्ठी देऊ शकत नाही, फक्त शिफारशीच्या पत्रावर सही करू शकते. मिळवायचं तुमचं तुम्ही. घरी रोप लावता येतं. आणि यांचं ग्रीनकार्ड आहे, सिटिझनशिप नाही. तेव्हा आधी वकिलाला विचारा."

अवधूतच्या डोळ्यांपुढे बॉथेलमधली आपली बाल्कनी आली. कढीपत्त्याच्या कुंडीशेजारी गांजाची कुंडी! दर महिन्याला महाराष्ट्र मंडळाची मीटिंग घरी असते, पन्नास डोळे फिरतात. आणि उद्या एअरपोर्टवर आईला बाजूला घेऊन कुणी विचारलं तर? नसती आफत.

"पण सही करायची तर दुखणं मोठं हवं, कशालाच न जुमानणारं," डॉक्टरीणबाई पुढे म्हणाल्या. "दोन म्हणजे डास चावल्यासारखं. दोनवर मी सही नाही करू शकत."

अवधूतला, खरं सांगायचं तर, हायसं वाटलं. आकडा आईने दिला होता. त्याने काही लपवलं नव्हतं.

नेत्रा मात्र उसळली. "आई, खरं सांगा ना! काल आंघोळीचं पाणी अंगावर घेताना तोंडात टॉवेल कोंबला होता तुम्ही. मी पाहिलंय."

"अगं, ते घरचं घरात," मालिनीबाई सुनेला दबक्या आवाजात म्हणाल्या. "ही बिचारी दर खेपेला नवी गोळी शोधून देते, एवढी खपते. तिला तोंडावर काय सांगू, की बाई, तुझ्या औषधाने कवडीचा गुण नाही? बरं दिसतं का ते?"

"काय म्हणताहेत त्या?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"थँक यू म्हणतेय," अवधूत म्हणाला.

"काहीही काय, अवधूत!" नेत्रा म्हणाली आणि तिने स्वतःच इंग्रजीत सांगून टाकलं. टॉवेलचं सांगितलं, गुण नसल्याचं सांगितलं, आणि तुमचं मन मोडू नये म्हणून त्या दोन म्हणतात, हेही सांगितलं. अवधूत जमिनीकडे बघत राहिला. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. चाकांचं स्टूल ओढून त्या मालिनीबाईंच्या अगदी समोर येऊन बसल्या. "यांना विचारा, मुलं किती?" त्या अवधूतला म्हणाल्या.

अवधूतने विचारलं.

"किती म्हणजे? हा एवढाच," मालिनीबाई त्याच्याकडे बोट करत म्हणाल्या. "आडवा होता मेला. दीड दिवस अडले होते मी. सुईणीने हात टेकले, डॉक्टरने हात टेकले. आमच्या आईने तर देवाला साकडं घातलं होतं."

अवधूतने हे सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. "मग त्या दीड दिवसाला किती द्याल, विचारा."

या प्रश्नावर मालिनीबाईंनी मनापासून विचार केला. कुणाला वाईट वाटण्याचा इथे प्रश्नच नव्हता. ती सुईण कधीच गेली होती, डॉक्टरही गेला होता. त्यांनी डोळे मिटले. टीशर्टाची चिमूट जराशी सैल झाली, कापड कातडीला लागलं आणि त्यांचा ओठ दाताखाली गेला. मग पुन्हा चिमूट घट्ट करून त्यांनी डोळे उघडले.

"हे दोन धरलं ना," त्या म्हणाल्या, "तर ते एक."

नेत्राला इंग्रजी येत होतं, पण या खेपेला तिने ते अवधूतवर सोडलं. डॉक्टरीणबाई अवधूतच्या तोंडाकडे बघत थांबल्या होत्या.

"अरे, सांग ना तिला," मालिनीबाई म्हणाल्या.

इंग्रजीत एक कसं म्हणतात, ते अवधूतला काही केल्या आठवेना.