चारा आणि रेंज

मेंढरांमागं कोकणात उतरणाऱ्या पोरांसाठी ब्लॉगवर रोज एक धडा टाकायचा बेत बी.एड.च्या समीक्षानं वर्गात सांगितला, तेव्हा सर हसले. "वाचणार कोण? मेंढरं?"

महिन्याभरानं कोकणातल्या मेंढरांच्या तळावरून तिच्या तानाजीमामाचा फोन आला. "पोरी, ते तुजं धडं बंद कर गं!"

"का मामा? पोरांना आवडत न्हाईत व्हय?"

"आवडत्यात, त्योच तर घोळ हाय! खाली वड्याला लय गवत, पर तितं रेंज न्हाई. पोरांनी हट्टानं तळ उघड्या माळावर हलवाय लावला. आता उपाशी मेंढरं दिसभर माज्याकडं बघून वरडत्यात!"

दुसऱ्या दिवशी समीक्षा हसू दाबत सरांपुढं उभी राहिली.

"सर, ब्लॉगबद्दल पहिली तक्रार आलीय. मेंढरांची."